काकूंची पिवळी वायर: घरच्या संगणकावर व्हीपीएन घ्यावे की नाही, याचे एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या शेजारच्या घरचे आहे. घरच्यांची परवानगी घेऊन लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. मी पुण्यात नेटवर्कच्या कामात आहे. गावी गेलो की आसपासच्या चार-पाच घरांचे संगणक माझी वाटच पाहत असतात. हे त्यांतलेच एक घर.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठचे तालुक्याचे गाव. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, काकू घर सांभाळतात. मोठा मुलगा जर्मनीत, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. मुलगी लग्न होऊन नाशिकला. हॉलमध्ये २०१६ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १० वर चालणारा. त्यावर काका नेटबँकिंग, पेन्शनचे कागद आणि वर्तमानपत्रे बघतात. रात्री जेवणे आटोपली की काकू बसतात.

इंटरनेट गावातल्या केबलवाल्याचे. त्याचे ऑफिस याच गल्लीच्या तोंडाशी आहे. जोडणी द्यायला आलेला मुलगा काकांचाच जुना विद्यार्थी. वायफायचा पासवर्ड त्यानेच ठेवला, काकांचा मोबाइल नंबर. राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड कारखान्यातून आला होता तोच राहिला.

सप्टेंबर २०२५ मध्ये हा मुलगा पैसे घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "सर, रात्री साडेबाराएकपर्यंत नेट चालू असतं तुमचं. डेटा लवकर संपतोय." काकांनी ते कानाआड केले. काकूंच्या मात्र जिवाचे पाणी झाले. काकू रोज रात्री उशिरापर्यंत काय बघत होत्या हे मला बऱ्याच नंतर कळले. त्यांनी काकांना एवढेच सांगितले, "त्याला आपलं सगळं दिसतंय. काहीतरी करा."

अडचण

काकांनी जे केले ते दुसऱ्या कोणीही केले असते. एका व्हिडिओच्या मध्येच जाहिरात लागली होती: तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक) उघडा आहे, तुमच्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे. काकांनी त्यांच्या ब्राउझरमध्ये एक मोफत व्हीपीएन एक्स्टेन्शन टाकले, म्हणजे ब्राउझरची वाहतूक दुसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवणारी एक जोड. हिरवे बटण दाबले, "सुरक्षित" असे दिसले, समाधान झाले.

दहा दिवसांनी नेटबँकिंग बंद पडले. बँकेचा मेसेज आला की तुमच्या खात्यात नेहमीपेक्षा वेगळ्या ठिकाणाहून प्रवेशाचा प्रयत्न झाला आहे. ते वेगळे ठिकाण म्हणजे नेदरलँड्स. एक्स्टेन्शनने काकांच्या ब्राउझरची सगळी वाहतूक तिकडच्या सर्व्हरमधून फिरवली होती, बँकेला वाटले कोणी परका शिरतोय. काकांनाही तेच वाटले. घाबरून त्यांनी बँकेच्या मदत केंद्राचा नंबर इंटरनेटवर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला.

पलीकडच्या माणसाने अगदी आदराने सांगितले की सर, तुमचे खाते धोक्यात आहे, मी सांगतो ते अ‍ॅप फोनवर टाका म्हणजे मला स्क्रीन दिसेल. काका एकेक अक्षर विचारून टाइप करत होते. काकू भाजी निवडत होत्या. त्या उठल्या, काकांच्या हातातून फोन घेतला आणि कट केला. "बँक तुमचा स्क्रीन कशाला बघेल?" एवढेच म्हणाल्या. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि त्यासाठी त्यांना व्हीपीएन म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज पडली नाही.

मी भाऊबीजेला घरी पोहोचलो तेव्हा ही स्थिती होती. नेटबँकिंग बंद, पेन्शनचे सरकारी संकेतस्थळ उघडत नाही, हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर महिना तोंडावर, आणि काकांचा प्रश्न: "हे मोफतचं बरं नाही म्हणतात. पैसे देऊन चांगलं व्हीपीएन घेऊ का?"

संगणकावर काय आढळले

आधी ते एक्स्टेन्शन पाहिले. टाकताना त्याने कोणती परवानगी मागितली होती ते ब्राउझरमध्ये अजून लिहिलेले होते: सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे. काकांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. केबलवाल्याला दिसू नये म्हणून आणलेल्या वस्तूला त्यांनी पानावरचा मजकूरसुद्धा वाचायची मुभा दिली होती. केबलवाल्याकडे तेवढी मुभा कधीच नव्हती.

यावर आम्ही बराच वेळ बोललो. बँकेचे किंवा वकिलाचे संकेतस्थळ कुलपाच्या जोडणीवरून, म्हणजे एचटीटीपीएसवरून उघडते. मधल्या कंपनीला तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात ते साधारण कळते, पण तिथे काय वाचले, काय लिहिले, कोणता पासवर्ड टाकला ते कळत नाही. काका लगेच म्हणाले, "म्हणजे पोस्टकार्ड नव्हे, आंतरदेशीय पत्र. पत्ता दिसतो, मजकूर नाही." आणि व्हीपीएन? "सगळी आंतरदेशीय पत्रं एका पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या पोस्टमास्तरकडे पाठवायची. आपल्या पोस्टमनला फक्त पोतं दिसणार. पण तो दुसरा पोस्टमास्तर पोतं उघडणारच, आणि सगळे पत्ते त्याला दिसणार." मी आजवर इतक्या लोकांना हे समजावले, इतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

म्हणजे व्हीपीएनने भरवसा एकाकडून काढून दुसऱ्याकडे दिला जातो, आणि तो दुसरा कोण आहे हे बघावे लागते. मोफत व्हीपीएनच्या बाबतीत हा दुसरा बऱ्याचदा वाईट निघालेला आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने '९११ एस ५' नावाचे जाळे मोडले. त्यात मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन असे मोफत प्रोग्रॅम घरोघरच्या विंडोज संगणकांवर टाकले गेले होते. ते संगणक परस्पर गुन्हेगारांना भाड्याने दिले जात. १ कोटी ९० लाखांवर आयपी पत्ते त्यात सापडले. गुन्हा करणारा कुठे तरी दूर, आणि पत्ता मात्र अशाच एखाद्या मुख्याध्यापकाच्या घरचा. काकांच्या एक्स्टेन्शनने असे काही केल्याचे दिसले नाही. तरी ते काढले आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले.

मग एक गोष्ट घडली आणि माझा सगळा विचार बदलला. काका बँकेत गेले होते. मी एका सरकारी संकेतस्थळाचा पत्ता टाकायला बसलो आणि चुकून मराठी कळफलकावर 'घ' दाबला गेला. खाली ओळ उघडली: "घटस्फोट परस्पर संमतीने किती महिने लागतात". त्याखाली आणखी तीन-चार. काकू चहा घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

मुलीचा संसार मोडत आला होता. काका समेटाच्या आशेवर होते. काकू रात्री एकट्या बसून कायदा समजून घेत होत्या, वकील शोधत होत्या. त्यांची भीती एकच होती, मुलीने स्वतः सांगण्याआधी ही गोष्ट गल्लीत फुटता कामा नये.

मी विचारले, "केबलवाला पोरगा शेवटचा घरात कधी आला होता?" ऑगस्टमध्ये, स्पीड तपासायला. कुठे बसला होता? याच खुर्चीत, याच ब्राउझरवर.

पर्याय

आता प्रश्न नीट समोर आला. लपवायचे आहे ते गल्लीतल्या एका ऑफिसपासून आणि या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकापासून. सरकारपासून काही लपवायचे नाही, जाहिरात कंपन्यांबद्दल या घराला फारशी फिकीर नाही.

दादाचा पर्याय सगळ्यात मोहाचा होता. त्याच्याकडे नावाजलेल्या कंपनीचे पैसे भरलेले व्हीपीएन होतेच, एका खात्यावर बरीच उपकरणे चालत. "माझंच लॉगिन टाक, एक रुपया लागत नाही," तो फोनवर म्हणाला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तो सतत रेल्वेत, विमानतळावर, हॉटेलात परक्या वायफायवर असतो, आणि भारतातून पाहिले तरच उघडणारी संकेतस्थळे त्याला लागतात. त्याच्या आयुष्यात व्हीपीएन रोज कामाला येते. फक्त त्याचे उत्तर त्याच्या प्रश्नाला होते, काकूंच्या नाही.

त्यात भारतातली एक अडचण आहे. भारतात व्हीपीएन वापरणे बेकायदा नाही. पण 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, त्यांना दिलेले आयपी पत्ते, संपर्क वगैरे माहिती ५ वर्षे जपून ठेवावी असे सांगितले. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क या कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. यादीत "भारत" दिसले तरी ती यंत्रे सिंगापूर किंवा लंडनसारख्या ठिकाणी असू शकतात आणि त्यांना फक्त भारतीय पत्ता दिलेला असतो. म्हणजे गल्लीतल्या वकिलाचे पान उघडायला समुद्र ओलांडून यायचे. चालते, पण बँका आणि सरकारी संकेतस्थळे कधी अडतील याचा नेम नाही.

तरी आम्ही तीन दिवस दादाचे व्हीपीएन चालवून पाहिले. कागदावर वाद घालण्यापेक्षा हे बरे, असे मला आजही वाटते. पहिल्या दिवशी पेन्शनचे संकेतस्थळ अडले, काकांनी व्हीपीएन बंद केले आणि परत चालू करायचे विसरले. त्या रात्री काकू उघड्या जोडणीवर बसल्या, आणि त्यांना ते कळलेही नाही. दुसऱ्या दिवशी नीट चालले. तिसऱ्या दिवशी काकांना मेसेज आला की तुमचे पार्सल पत्त्याअभावी अडकले आहे, या लिंकवर पाच रुपये भरा. काकांनी मला हाक मारली: "आता व्हीपीएन आहे ना, उघडू का?"

तिथेच माझा निर्णय झाला. खोटी लिंक, खोटा बँकवाला, स्क्रीन बघणारे अ‍ॅप, यांतल्या कशालाच व्हीपीएन अडवत नाही. या घराला खरा धोका त्याच वाटेने येऊन गेला होता. आणि हिरव्या बटणाने काका जास्त बेसावध झाले होते.

बाकीचे पर्याय भराभर तपासले. केबलवाला बदलून मोठ्या कंपनीची जोडणी घेता आली असती, पण गल्लीत तिची वायर पोहोचलेली नव्हती. फक्त काकूंसाठी वेगळ्या ब्राउझरमध्ये व्हीपीएन ठेवता आले असते. ते तसे बरे होते, पण चालू-बंदचा घोळ तिथेही राहिलाच असता.

शेवटचा पर्याय काकूंच्या हातातच होता, त्यांचा मोबाइल. त्यांच्या फोनवर मोठ्या कंपनीचे सिम, दिवसाचा बराचसा डेटा न वापरता वाया जाणारा. फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडला आणि यूएसबी टेथरिंग चालू केले की संगणक त्या फोनच्या इंटरनेटवर चालतो. केबलवाल्याला मग काहीच दिसत नाही, पोतेसुद्धा नाही. मोबाइल कंपनीला पत्ते दिसतात हे खरे, आणि दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याची अट बदलल्यापासून अशा नोंदी त्यांना किमान २ वर्षे ठेवाव्याच लागतात. पण त्या कंपनीत काकूंना ओळखणारे कोणी नाही. केबलवाल्याची बहीण काकूंच्या भिशीत आहे.

काय केले

व्हीपीएन काढले. संगणकावर काका आणि काकू अशी दोन वेगळी खाती केली, काकूंच्या खात्याला त्यांचा स्वतःचा पिन. तिसरे खाते पाहुण्यांसाठी, कोणीही तपासायला आले तर त्याने त्यातच बसायचे. जुना इतिहास पुसला. पुसताना कळले की ब्राउझर काकांच्या जीमेलशी जोडलेला होता आणि तेच जीमेल दादाच्या जुन्या टॅबवर चालू होते. हा टॅब दिवाळीत पोरांच्या हातात होता. घरातल्या गोष्टी बाहेर जायची ही सगळ्यात रुंद वाट होती, आणि कितीही महाग व्हीपीएनने ती बुजली नसती.

राउटरचा आतला पासवर्ड बदलला, वायफायचाही. ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएस चालू केले, म्हणजे संकेतस्थळाचे नाव विचारतानाची चौकशीही कुलपातून जाते. त्याने नाव पूर्ण लपत नाही, जोडणी सुरू होताना ते बहुतेक वेळा तरीही दिसते, हे काकांना स्पष्ट सांगितले.

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले होते, म्हणजे मी पोहोचायच्या नऊ दिवस आधी. हा संगणक विंडोज ११ घेण्याइतका नवा नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, त्यात नाव नोंदवले. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरेल. व्हीपीएनच्या चर्चेत तीन दिवस गेले आणि हे काम अर्ध्या तासाचे होते. करायला हवे होते ते आधी हे.

काकूंचे सगळे एका वायरवर आणून ठेवले. डेस्कटॉपला राउटरची पिवळी लॅन वायर लागते. स्वतःचे काम असेल तेव्हा पिवळी काढायची आणि फोनची लावायची. काम झाले की उलट. पहिल्यांदा त्यांनी पिवळीची पिन काढली तेव्हा टक्‌ असा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "हे मला दिसतंय बघ. ते बटण चालू आहे का बंद, कळायचंच नाही."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बँकेच्या पासबुकातला खरा नंबर आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला.

निष्पत्ती

नेटबँकिंग शाखेत जाऊन, कागद दाखवून पुन्हा सुरू झाले. दोन खेपा पडल्या. हयातीचा दाखला वेळेत गेला. खोट्या मदत केंद्राने पैसे नेले नाहीत, अ‍ॅप पूर्ण उतरलेच नव्हते.

काकूंनी नोव्हेंबर-डिसेंबरात वकील ठरवला. जानेवारीत मुलगी माहेरी आली आणि तिने स्वतः काकांना सांगितले. गल्लीत गोष्ट त्यानंतर गेली, घरच्यांनी सांगितली तेव्हा.

दादाला माझा निर्णय सुरुवातीला पटला नाही. तिसऱ्या दिवशीच्या पार्सलच्या लिंकची गोष्ट सांगितली तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं, बाबांना लिंकांचं समजाव." ते मी दर आठवड्याला फोनवर करतो. काका आता असे मेसेज मला पाठवतात आणि खाली स्वतःचा अंदाज लिहितात, खरा की खोटा. बहुतेक वेळा बरोबर असतो.

काय वेगळे करता आले असते

केबलवाल्याच्या पोराला पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. मी हे डिसेंबरात केले. त्याने मला त्याच्या संगणकावरचे पान उघडून दाखवले: ग्राहकाचे नाव, किती जीबी, किती वाजता जोडणी सुरू, किती वाजता बंद. संकेतस्थळांची नावे त्या पानावर नव्हती. प्लॅनची मर्यादा ओलांडली की वेग पडतो आणि सर तक्रार करतील, म्हणून तो बोलला होता. त्याच्या वरच्या कंपनीकडे यापेक्षा जास्त नोंदी असतात, त्या त्याला दिसत नाहीत. हे सप्टेंबरात कळले असते तर मोफत व्हीपीएन, बँकेचे कुलूप, तो फोन, यांतले काहीच घडले नसते. तो खुर्चीत बसला तेव्हा त्याला काही दिसले होते का, हे मी विचारले नाही. विचारले असते तर तेव्हाच त्याला कळले असते.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. मी आल्या आल्या पोस्टमास्तर आणि पोत्यांवर तासभर बोललो आणि काकूंना एकदाही विचारले नाही की तुम्हाला नेमके कोणाला काय कळू द्यायचे नाही. त्यांना काकांसमोर सांगताही आले नसते. त्यांना वेगळे गाठून, स्वयंपाकघरात बसून विचारायला हवे होते. एका चुकीच्या अक्षराने ते उघड झाले आणि त्या ओशाळल्या, याचे मला अजून वाईट वाटते.

आणि एक गोष्ट अजून मनात आहे. काकूंचे वेगळे खाते करताना काकांनी विचारले, "आमच्यात कशाला वेगळं?" मी म्हणालो, प्रत्येकाचे वेगळे असावे, चांगली पद्धत आहे. ते खरेच होते, पण पूर्ण खरे नव्हते. काकांपासून ती बातमी तीन महिने दूर ठेवण्यात माझाही हात होता. मुलीची गोष्ट मुलीने सांगायची होती, म्हणून त्या क्षणी मला दुसरे काही सुचले नाही, आज विचारले तरी बहुधा तेच करीन. काकांनी नंतर यावर एक शब्द काढला नाही. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या खात्याचा पिन बदलून घेतला आणि काकूंना तो मोठ्याने सांगितला.

मुलगी आता माहेरूनच नोकरी करते. तिच्या लॅपटॉपवर कंपनीचे व्हीपीएन आहे. कंपनीच्या आतल्या यंत्रांपर्यंत पोहोचायला ते लागतेच, त्यामुळे तिथे ठरवण्यासारखे काही नव्हते. हॉलमधल्या डेस्कटॉपला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. त्याआधी नवा घ्यायचा की नाही, यावर काका-काकूंचे अजून ठरायचे आहे.